रात्रीच्या धावपट्टीवर हरवलेली विमाने

१९२९ साली अमेरिकेतील सेंट लुईस शहराच्या लॅम्बर्ट फील्ड विमानतळाने आर्ची लीग नावाच्या एका तरुणाला कामावर घेतले. तो स्वतः विमाने चालवत असे आणि दुरुस्तही करत असे. नवे काम मात्र वेगळेच होते. एका ढकलगाडीत खुर्ची, छत्री, वही, पाणी, जेवणाचा डबा आणि दोन निशाणे घालून तो धावपट्टीच्या टोकाशी जाऊन बसे. लाल निशाण दिसले की वैमानिकाने थांबायचे, चौकटींचे निशाण दिसले की निघायचे. अमेरिकेतील पहिला हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून आज त्याचे नाव घेतले जाते.

या व्यवस्थेची मर्यादा सूर्यास्ताबरोबर उघडी पडत असे, कारण निशाण अंधारात दिसत नाही. पासष्ट वर्षांनंतर, २२ नोव्हेंबर १९९४ च्या रात्री, याच विमानतळावर दोन माणसे बसलेले एक छोटे विमान चुकीच्या धावपट्टीवर जाऊन उभे राहिले. त्या वेळी तिथे उंच मनोरा होता, रेडिओ होता, हजारो दिवे होते. तरीही ते विमान कोणाला दिसले नाही.

आकाशात विमान हरवू नये म्हणून माणसाने शतकभर काय काय केले, याच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. जमिनीवर, विमानतळाच्या कुंपणाच्या आत, डोळ्यांसमोर उभे असलेले विमान कसे हरवते, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. विमान स्वतःच्या इंजिनाच्या बळावर जमिनीवरून चालत जाते, त्या क्रियेला ‘टॅक्सी करणे’ म्हणतात. ऐकायला ही अगदी किरकोळ बाब वाटते. पण रात्रीच्या वेळी सुरक्षितपणे टॅक्सी कशी करावी, याचा आजचा प्रत्येक नियम कोणत्या ना कोणत्या अपघातानंतर लिहिला किंवा घट्ट केला गेला आहे.

प्रारंभीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. विमानतळ म्हणजे गवताचे एक विस्तीर्ण मैदान असे. वारा ज्या दिशेने असेल तिकडे तोंड करून विमान उडे. रात्रीची चिंता असे ती मैदान सापडण्याची. २२ फेब्रुवारी १९२१ च्या रात्री जॅक नाइट हा टपाल खात्याचा वैमानिक नॉर्थ प्लॅटहून ओमाहामार्गे शिकागोपर्यंत टपाल घेऊन गेला, तेव्हा वाटेतल्या लोकांनी त्याच्यासाठी शेकोट्या पेटवून ठेवल्या होत्या. पुढच्या तीन-चार वर्षांत शिकागो ते शायेन या मार्गावर फिरत्या प्रकाशाचे दीपस्तंभ उभे राहिले आणि उतरण्याच्या मैदानांवर मोठे प्रकाशझोत आले. एकदा चाके गवताला टेकली की वैमानिकाची रात्र संपली, असेच समजले जाई. मैदानात दुसरे विमान बहुधा नसेच.

विमाने जड झाली, गवताच्या जागी काँक्रीट आले, आणि मैदानाचा रस्ता झाला. मग एका रस्त्याचे दोन झाले, ते एकमेकांना छेदू लागले, आणि धावपट्टीपर्यंत पोहोचण्यासाठी टॅक्सीमार्गांचे जाळे विणले गेले. थोडक्यात, विमानतळावर चौक निर्माण झाले. ज्या वाहनाला आरसे नाहीत, ज्याच्या चालकाला स्वतःचे शेपूट दिसत नाही आणि पंखांची टोके कित्येकदा दिसत नाहीत, असे वाहन या चौकांतून चालवायचे होते.

त्यासाठी दिव्यांची एक भाषा घडत गेली. १९५१ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने विमानतळांसाठीची मानके स्वीकारली. पुढे त्यांत भर पडत गेली, आणि आज ही भाषा जगभर जवळजवळ एकच आहे. मुंबईच्या विमानतळावर रात्री खिडकीपाशी बसलेल्या प्रवाशालाही ती वाचता येते. धावपट्टीच्या कडेचे दिवे पांढरे, टॅक्सीमार्गाच्या कडेचे निळे, आणि टॅक्सीमार्गाच्या मधोमध दिवे असतील तर ते हिरवे. काळ्या पाटीवरील पिवळे अक्षर सांगते की विमान आता कोणत्या मार्गावर आहे. पिवळ्या पाटीवरील काळे अक्षर सांगते की पुढचा मार्ग कोणत्या बाजूला आहे. तांबड्या पाटीवरील पांढरा आकडा धावपट्टीचा असतो, आणि परवानगीवाचून त्यापुढे चाक जाता कामा नये.

तो आकडाही समजून घेण्याजोगा आहे. धावपट्टी होकायंत्राच्या ज्या अंशाकडे तोंड करून आहे, त्याचे शेवटचे शून्य काढून टाकले की तिचे नाव मिळते. मुंबईची मुख्य धावपट्टी पश्चिमेकडे, म्हणजे सुमारे २७० अंशांकडे वापरली की ती २७ होते, आणि उलट बाजूने वापरली की ०९. दोन समांतर धावपट्ट्या असतील तर त्यांना डावी आणि उजवी अशी जोड मिळते. हे नाव वैमानिकाने कानाने ऐकायचे, डोळ्याने पाटीवर शोधायचे आणि समोरच्या होकायंत्राशी ताडून पाहायचे असते.

पांढऱ्याच्या शेजारी निळा ठेवला, की उतरणाऱ्या वैमानिकाला वरून धावपट्टी कोणती आणि भोवतालचे रस्ते कोणते हे कळते. जमिनीवरच्या वैमानिकाचे दुःख मात्र वेगळे असते. छोट्या विमानात त्याचे डोळे जमिनीपासून फार उंचावर नसतात. त्या उंचीवरून पाहिले तर निळ्या दिव्यांच्या रांगा एकमेकींत मिसळतात. जवळचा कोणता, मागच्या मार्गाचा कोणता, वळण नेमके कोणत्या दोन दिव्यांमधून जाते, हे कळेनासे होते. इंग्रजी बोलणारे वैमानिक याला निळा समुद्र म्हणतात, आणि उपमा अगदी नेमकी आहे. भरीस भर म्हणजे माणसाच्या डोळ्याला अंधाराशी पुरते जुळवून घ्यायला सुमारे अर्धा तास लागतो, आणि कोणाच्या तरी विमानाचा प्रखर दिवा एकदा तोंडावर आला की ती कमाई क्षणात वाहून जाते.

हे झाले टॅक्सी करणाऱ्याचे. इतरांना त्याचे विमान कसे दिसते, हा प्रश्न त्याहून गंभीर होता, आणि त्याचे उत्तर लॉस एंजेलिसने दिले.

१ फेब्रुवारी १९९१. सूर्य मावळून गेला होता. स्कायवेस्ट कंपनीचे मेट्रोलाइनर जातीचे दोन पंख्यांचे छोटे विमान जवळच्या पामडेल गावी निघाले होते. त्यात दोन वैमानिक आणि दहा प्रवासी होते. विमान छोटे असल्यामुळे त्याला पूर्ण लांबीच्या धावपट्टीची गरज नव्हती. म्हणून नियंत्रकाने त्याला टोकापासून न पाठवता मधल्या एका जोडमार्गावरून ‘२४ डावी’ या धावपट्टीवर जाऊन थांबण्यास सांगितले. ते गेले आणि मध्यरेषेवर नाक पश्चिमेला करून थांबले. सुमारे दोन मिनिटे ते तिथेच उभे होते.

त्या दोन मिनिटांत मनोऱ्यात गोंधळ उडाला होता. एक विमान चुकून दुसऱ्या रेडिओ लहरीवर गेल्याने उत्तर देत नव्हते, आणि नियंत्रक त्याला शोधत होती. दुसऱ्या एका मेट्रोलाइनरने आपण उड्डाणास तयार असल्याचे कळवले. त्याची नोंदपट्टी मात्र तिच्यासमोर आलेली नव्हती. तिने टॅक्सीमार्गावरच्या त्या विमानालाच स्कायवेस्ट समजले. म्हणजे तिच्या मनात धावपट्टी मोकळी झाली. जमिनीवरील हालचाल दाखवणारे रडार त्या दिवशी बंद होते. मनोऱ्यातून तो जोडमार्ग पाहू जावे तर मधल्या इमारतीवरील दिव्यांची झळाळी डोळ्यांवर येत असे, असे नियंत्रकांनी पुढे चौकशीत सांगितले. तिने यूएसएअरच्या बोइंग ७३७ ला त्याच धावपट्टीवर उतरण्याची परवानगी दिली.

बोइंगमध्ये ८९ माणसे होती. दोन्ही वैमानिक समोर पाहत होते, धावपट्टी स्वच्छ उजळलेली होती, हवा निर्मळ होती. चाके टेकली, नाक खाली येऊ लागले, आणि त्या क्षणी समोर विमानाचे शेपूट दिसले. करण्यासारखे काही उरले नव्हते. बोइंगने छोट्या विमानाला आपल्याखाली चिरडत फरफटत नेले आणि कडेच्या एका रिकाम्या इमारतीवर जाऊन ते पेटले. मेट्रोलाइनरमधील बाराही जण गेले. बोइंगमधील मृतांची संख्या २३ झाली.

निष्काळजीपणा कोणाचा, असे विचारून हा विषय संपवता आला असता. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तसे केले नाही, ही त्या चौकशीची थोरवी. एका नियंत्रकाची चूक पकडणारी दुसरी नजर किंवा दुसरी पद्धत त्या मनोऱ्यात का नव्हती, असा प्रश्न मंडळाने केला आणि मुख्य ठपका तिथल्या व्यवस्थापनावर ठेवला. आणखी एक प्रश्न होता: उतरणाऱ्या वैमानिकांना समोरचे विमान का दिसले नाही?

त्याचे उत्तर जितके साधे तितकेच अस्वस्थ करणारे होते. विमानाच्या डाव्या पंखाला तांबडा, उजव्याला हिरवा आणि शेपटाला पांढरा दिवा असतो. ही रीत जहाजांकडून आलेली आहे. मागून येणाऱ्याला यांपैकी शेपटाचा पांढरा तेवढा दिसतो. स्कायवेस्टचे विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर उभे होते, आणि मध्यरेषेत जमिनीत बसवलेले दिवेही पांढरेच होते. दिव्यांच्या एका लांबलचक माळेत आणखी एक मणी ओवला गेला, इतकाच काय तो फरक वरून पाहणाऱ्याला दिसणार होता. ज्या लुकलुकणाऱ्या प्रखर दिव्यांनी विमान ओळखू आले असते, ते उड्डाणाची परवानगी मिळेपर्यंत न लावण्याची त्या काळी सर्वसाधारण प्रथा होती. इतरांच्या डोळ्यांना त्रास होऊ नये हा त्यामागचा हेतू. या सौजन्याची किंमत अशी मोजावी लागेल, हे तोवर कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

पुढे अमेरिकेत नियम झाला की सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत, खास परवानगी वगळता, कोणत्याही विमानाला मधल्या जोडमार्गावरून धावपट्टीवर नेऊन उभे करायचे नाही. वैमानिकांनाही सांगितले गेले की धावपट्टीवर पाऊल टाकताना, मग ते ओलांडण्यासाठी का असेना, लुकलुकणारे दिवे लावावेत. थांबून राहायचे असेल तर उतरण्याचे मोठे दिवे सोडून बाकी सारे लावावेत, आणि उड्डाणाची परवानगी मिळाल्यावर तेही लावावेत. म्हणजे मोठे दिवे लागलेले दिसले की ते विमान निघाले, असे इतरांना न सांगता कळते. याच मार्गदर्शनात एक बारीकशी सूचना आहे. रात्री धावपट्टीवर थांबताना विमान बरोबर मध्यरेषेवर न लावता सुमारे तीन फूट डावीकडे किंवा उजवीकडे लावावे, म्हणजे त्याचे दिवे माळेत मिसळणार नाहीत. शिकाऊ वैमानिकाला पहिल्या दिवसापासून मध्यरेषा सोडू नकोस म्हणून बजावलेले असते. त्यालाच रात्री ती जाणूनबुजून सोडायला सांगणाऱ्या या तीन फुटांमागे लॉस एंजेलिससारख्या रात्री आहेत.

पण दिवे लावले तरी आपण योग्य जागी आहोत, हे आधी वैमानिकाला ठाऊक असावे लागते. इथे पुन्हा सेंट लुईसकडे वळावे लागते.

लॅम्बर्ट विमानतळावर १९९४ साली ‘३० डावी’ आणि ‘३० उजवी’ अशा दोन मोठ्या धावपट्ट्या होत्या. त्या दोहोंच्या मध्ये ३१ नावाची आणखी एक होती. ती मूळची टॅक्सीमार्ग. पुढे तिला धावपट्टीचा दर्जा दिला गेला आणि छोट्या विमानांसाठी अधूनमधून वापरली जाऊ लागली. विमानतळाच्या ध्वनिमुद्रित सूचनेत मात्र त्या रात्री उड्डाणासाठी दोन मोठ्या धावपट्ट्यांचीच नावे होती.

सेस्ना ४४१ हे दोन इंजिनांचे छोटे विमान मिशिगन राज्यातील आयर्न माउंटनहून आले होते आणि थोड्याच वेळात परत निघणार होते. उतरताना ते ‘३० उजवी’वर उतरले होते. परतताना नियंत्रकाने वैमानिकाला ३१ वर जाऊन थांबण्यास सांगितले. आज्ञेत आकडा स्पष्ट होता. वैमानिकाने उत्तरादाखल फक्त आपल्या विमानाची खूण उच्चारली, आकडा परत म्हणून दाखवला नाही, आणि त्या वेळी कोणी तसा आग्रहही धरला नाही. जिथे उतरलो तिथूनच निघायचे, अशी त्याची समजूत झाली असावी, हे चौकशी मंडळाचे अनुमान. तो ‘३० उजवी’वर गेला आणि थांबला.

यानंतर जे घडले ते वाचताना जीव कासावीस होतो. वैमानिकाने रेडिओवर कळवले की आपण उजव्या बाजूला निघण्यास तयार आहोत. नियंत्रकाने उत्तर दिले की उजवीवरून एक विमान निघत आहे, त्याच वेळी तुम्हाला सोडता येत नाही, तिथेच थांबा. दोघेही इंग्रजी बोलत होते, दोघांनाही ‘उजवी’ हा शब्द ऐकू आला होता, आणि दोघांच्या मनात दोन वेगळ्या जागा होत्या. वैमानिकाच्या त्या एका शब्दात सारी चूक उघड पडलेली होती. ती पकडली गेली नाही.

उजवीवरून निघणारे विमान म्हणजे डेन्व्हरला जाणारे ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे एमडी-८२, आणि त्यात १४० माणसे. रात्रीचे दहा वाजून गेले होते. वेग घेतल्यावर वैमानिकांना समोर छोटे विमान दिसले. त्यांनी ब्रेक दाबून विमान डावीकडे काढले. उजवा पंख सेस्नाला कापत गेला. मोठ्या विमानातील सर्व जण वाचले, काहींना किरकोळ जखमा झाल्या. सेस्नातील वैमानिक आणि त्याचा सोबती जागीच गेले.

जमिनीवरील हालचालींचे रडार आणि टक्कर होण्याआधी इशारा देणारी यंत्रणा तिथे असती तर हा अपघात टळू शकला असता, असेही मंडळाने लिहिले. पुढच्या काळात अशी यंत्रणा मोठ्या विमानतळांवर बसत गेली. त्याहून स्वस्त उपाय शब्दांचा होता, आणि तो यायला अधिक वेळ लागला, हे नवलच. धावपट्टीचा आकडा आणि थांबण्याची आज्ञा वैमानिकाने परत म्हणून दाखवलीच पाहिजे, आणि दाखवली नाही तर नियंत्रकाने ती मागून घेतली पाहिजे, ही शिस्त घट्ट होत गेली. ३० जून २०१० पासून अमेरिकेत प्रत्येक धावपट्टी ओलांडण्यासाठी वेगळी परवानगी लागू लागली. त्याआधी अमुक धावपट्टीकडे जा, असे म्हटले की वाटेतल्या साऱ्या धावपट्ट्या ओलांडण्याची मुभा त्यात गृहीत असे. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ‘पोझिशन अँड होल्ड’ हा तिथला जुना शब्दप्रयोग रद्द झाला आणि जगभर चालणारा ‘लाइन अप अँड वेट’ आला. जुन्या प्रयोगाचे शब्द उलटे केले की ‘होल्ड पोझिशन’, म्हणजे आहात तिथेच थांबा, अशी अगदी भिन्न आज्ञा होत असे. एक आज्ञा विमानाला धावपट्टीवर नेई, दुसरी त्याला तिच्यापासून दूर ठेवी, आणि दोहोंमध्ये फरक काय तो शब्दांच्या क्रमाचा.

धुके हाही एक प्रकारचा अंधारच. ८ ऑक्टोबर २००१ च्या सकाळी इटलीतील मिलानच्या लिनाते विमानतळावर चार जण बसलेल्या छोट्या सेस्ना जेटला आर-५ या मार्गाने जायला सांगितले होते. ते आर-६ या मार्गाने गेले. वाटेत वैमानिकाने जमिनीवर रंगवलेली एक खूण वाचून नियंत्रकाला कळवली. ती खूण नियंत्रकाच्या नकाशात नव्हतीच, आणि त्याला ती ओळखता आली नाही. जमिनीवरचे रडार इथेही नव्हते. जुने काढलेले होते, नवे सुरू झालेले नव्हते. सेस्ना मुख्य धावपट्टीवर शिरले आणि उड्डाण करणाऱ्या स्कँडिनेव्हियन कंपनीच्या विमानाला आडवे आले. ११८ माणसे गेली. वैमानिकाने आपण कुठे आहोत हे प्रामाणिकपणे सांगितले होते, एवढी गोष्ट या प्रकरणात विसरता येत नाही.

केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनला २७ ऑगस्ट २००६ च्या पहाटे, उजाडण्यापूर्वी, कॉमएअरचे विमान २२ ऐवजी २६ या आखूड धावपट्टीवर वळले. एक सुमारे सात हजार फुटांची, दुसरी त्याच्या निम्मी. आखूड धावपट्टीवर दिवे लागलेले नव्हते. सहवैमानिकाला ते विचित्र वाटले आणि त्याने तसे म्हटलेही, प्रमुख वैमानिकाने होकार भरला, आणि विमान धावत सुटले. ५० पैकी एकटा सहवैमानिक वाचला. होकायंत्र समोरच होते. त्यावरचा आकडा धावपट्टीच्या नावाशी जुळतो की नाही हे पाहायला दोन सेकंद लागतात, आणि ते दोन सेकंद प्रत्येक उड्डाणापूर्वी काढावेत असे आता आग्रहाने शिकवले जाते.

छोट्या विमानाचा वैमानिक बहुधा एकटा असतो. मोठ्या विमानात एक जण चालवतो आणि दुसरा नकाशा पाहतो. इथे दोन्ही कामे त्याचीच. म्हणून रात्रीची टॅक्सी शिकवताना सांगितले जाते की इंजिन सुरू करण्यापूर्वीच विमानतळाचा नकाशा समोर उघडून आपला मार्ग बोटाने फिरवून पाहावा, वाटेत कोणकोणत्या धावपट्ट्या आडव्या येतात ते मोजून ठेवावे. मिळालेली आज्ञा लिहून घ्यावी. डोळ्यांचा अंधार टिकवण्यासाठी आतला उजेड मंद ठेवावा. विमान चालते असताना याद्या तपासू नयेत, रेडिओचे आकडे फिरवू नयेत; ते थांबून करावे. वेग माणसाच्या झपाझप चालण्याइतका असावा, कारण विमानाचा टॅक्सी-दिवा पुढचे थोडेसेच अंतर उजळतो आणि रात्री वेग नेहमी कमी भासतो. थांबल्यावर कोणाच्या तोंडावर उजेड जात असेल तर तो विझवावा.

आणि वाट चुकल्यासारखे वाटले तर विमान उभे करून मनोऱ्याला सांगावे. टप्प्याटप्प्याने, एकेका वळणागणिक वाट सांगण्याची सोय बहुतेक मनोऱ्यांकडून मिळते, ती मागण्यात कमीपणा नाही. एक अपवाद मात्र आहे: आपण धावपट्टीवर असू अशी शंका आली तर तिथे थांबायचे नाही, आधी बाहेर पडायचे आणि मग बोलायचे. हे वाचायला सोपे आहे. भरगच्च रेडिओवर आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होतो आहे असे वाटत असताना ‘मी चुकलो आहे’ असे उच्चारायला धैर्य लागते.

आर्ची लीगच्या निशाणांचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. त्यांची जागा मनोऱ्यातून विमानावर रोखता येणाऱ्या रंगीत प्रकाशझोताने घेतली, आणि तो आजही मनोऱ्यांत असतो. रेडिओ बंद पडलेल्या, जमिनीवरील विमानाला स्थिर हिरवा उजेड उड्डाणाची परवानगी देतो, लुकलुकणारा हिरवा टॅक्सीची. स्थिर तांबडा थांबवतो आणि लुकलुकणारा तांबडा धावपट्टीवरून बाहेर पडायला सांगतो. लुकलुकणारा पांढरा विमानाला निघाले तिथे परत पाठवतो.

इतके सारे झाल्यावरही २ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ आली. आदल्या दिवशी जपानच्या नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला होता. जपानी तटरक्षक दलाचे डॅश-८ विमान मदतीचे सामान घेऊन टोकियोच्या हानेदा विमानतळावरून निघणार होते. त्यात सहा जण होते. नियंत्रकाने त्यांचा क्रमांक पहिला असल्याचे सांगून सी-५ या थांब्यापर्यंत येण्याची आज्ञा दिली. वैमानिकाने ती नीट परत म्हणून दाखवली, आणि तरीही विमान थांब्यापलीकडे धावपट्टीवर गेले. आपल्याला परवानगी मिळाली आहे, असे त्याला वाटले होते.

थांब्यावर जमिनीत बसवलेली तांबड्या दिव्यांची रांग देखभालीसाठी त्या काळात बंद होती. तसेही ते दिवे दृश्यता फार कमी झाली तरच लावायची तिथे पद्धत होती. सुमारे चाळीस सेकंद डॅश-८ धावपट्टीच्या मध्यरेषेवर उभे होते. मागून जपान एअरलाइन्सचे एअरबस ए३५० उतरत होते. त्याच्या वैमानिकांना तेहतीस वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसमध्ये दिसले तेच दिसले, म्हणजे दिव्यांची एक स्वच्छ, अखंड रांग. एअरबसमधील सर्व ३७९ माणसे जळत्या विमानातून बाहेर पडली. तटरक्षक दलाच्या सहांपैकी पाच जण गेले. वाचला तो विमानाचा प्रमुख वैमानिक.

उड्डाणाचा क्रमांक आधी सांगण्याची प्रथा त्यानंतर काही काळ थांबवण्यात आली. चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. हानेदाच्या मनोऱ्यात, उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत दुसरे विमान धावपट्टीवर आले की पडद्यावर रंग बदलून दाखवणारी यंत्रणा होती. त्या संध्याकाळी ती चालू होती आणि रंग बदललाही होता. तिला आवाज नव्हता, आणि नियंत्रकांचे त्याकडे लक्ष गेले नाही. अपघातानंतर काही दिवसांतच, केवळ त्या पडद्याकडे पाहत राहण्यासाठी मनोऱ्यात एका माणसाची वेगळी नेमणूक झाली.